सिकंदराचे रिकामे हात आणि मामाच्या गोळ्या

मामीचा फोन सकाळी पावणेसातला आला. मिरजेहून इतक्या सकाळी फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. पण बातमी वेगळीच होती. "अगं, ह्यांनी चार दिवस झाले गोळ्या बंद केल्यात. साखरेची आणि बीपीची, दोन्ही. विचारलं तर म्हणतात, सिकंदराला त्याचे वैद्य वाचवू शकले नाहीत, तिथे माझं काय घेऊन बसलीस? तूच बोल बाई आता."

कोण सिकंदर, हे विचारायची गरज नव्हती. तो फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर वर्षातून चारदा तरी येतो. दर वेळी त्याखाली पंधरा अंगठे आणि नमस्कार पडतात आणि मी दर वेळी गप्प बसते. या वेळी नाही बसणार. मिरजेत राहून, जिथे दर दुसऱ्या गल्लीत दवाखाना आहे आणि जिथे बाहेरगावचे लोक रात्रीच्या गाडीने उपचाराला येतात, तिथे माझा मामा एका मॅसेडोनियन राजाच्या नावावर खपवलेल्या गोष्टीपायी गोळ्या सोडतो म्हणजे हद्द झाली.

ज्यांच्या ग्रुपवर हा आलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. जगज्जेता सिकंदर सगळं जग जिंकून मायदेशी परतत असताना वाटेत आजारी पडला. आईचं तोंड पाहायची आस होती, पण ते नशिबात नव्हतं. मग त्याने सेनापतींना जवळ बोलावून तीन इच्छा सांगितल्या. माझी शवपेटी फक्त माझ्या वैद्यांनी वाहायची. वाटेवर माझ्या खजिन्यातलं सोनं आणि हिरे-मोती उधळायचे. माझे दोन्ही हात पेटीबाहेर लोंबकळत ठेवायचे. सेनापती रडले, त्यांनी कारण विचारलं, आणि सिकंदराने समजावलं की कोणताही वैद्य कोणालाही मरणापासून वाचवू शकत नाही, संपत्तीतला कणही बरोबर येत नाही, आणि माणूस रिकाम्या हाताने येतो आणि रिकाम्या हाताने जातो.

आता एकेक बघू. क्रम फॉरवर्डचा नाही, माझ्या रागाचा आहे.

आधी ते "मायदेशी परतत असताना". सिकंदर, म्हणजे मॅसेडोनियाचा तिसरा अलेक्झांडर, इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये बाबिलोनच्या राजवाड्यात मेला. आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला. तो वाटेत नव्हता आणि घरी तर मुळीच निघालेला नव्हता. घरी पाठवलं होतं ते म्हाताऱ्या, जायबंदी सैनिकांना, आदल्या वर्षी, सुमारे दहा हजारांना. स्वतः हा गृहस्थ अरबस्तानावर स्वारीची तयारी करत होता. त्यासाठी फिनिशियात (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर) बांधलेली जहाजं सुटी करून जमिनीवरून युफ्रेटिसपर्यंत ओढत आणली होती, तिथे पुन्हा जोडून नदीतून खाली बाबिलोनला आणली होती, आणि एक हजार युद्धनौका मावतील एवढं बंदर तिथे खणायला घेतलं होतं. परतीची तयारी अशी असते होय?

आता तो मरतानाचा प्रवेश. सिकंदराच्या शेवटच्या आजारपणाचा दिवसवार वृत्तान्त आपल्याकडे आहे. दरबारची एक रोजनिशी होती, तिच्या आधारे तो अरियन आणि प्लुटार्क या दोन्ही ग्रीक लेखकांनी दिला आहे. दोघेही चारेकशे वर्षांनंतरचे, आणि ती रोजनिशी कितपत अस्सल यावर अभ्यासकांत वाद आहेत, हे मान्य. पण अरियनचा मुख्य भरवसा ज्याच्या लिखाणावर आहे तो टॉलेमी सिकंदराचा सेनापती होता आणि त्या दिवसांत बाबिलोनमध्येच होता. आपल्या फॉरवर्डचा कर्ता कुठे होता, ते फॉरवर्डच जाणे.

तर त्या वृत्तान्तात काय आहे? मेडियस नावाच्या मित्राकडे रात्रभर मद्यपान झालं, मग ताप चढला. रोज सकाळी पलंगासकट बाहेर नेऊन त्याच्या हातून देवांना बळी देववले जात होते, नेम चुकू दिला नव्हता. ताप असतानाच अधिकाऱ्यांना हुकूम सुटले की पायदळाने चौथ्या दिवशी निघायचं आणि जे माझ्याबरोबर जहाजांतून येणार त्यांनी पाचव्या दिवशी. मग नावेतून पलीकडच्या बागेत नेलं, आंघोळ घातली. एक दिवस मेडियसशी फासे खेळण्यात गेला. एक दिवस आरमाराचा प्रमुख नेआर्कस समुद्रप्रवासाची हकीकत सांगत बसला आणि हा पडल्या पडल्या ऐकत होता. ताप काही उतरेना. परत राजवाड्यात आणलं तेव्हा सेनापती भेटायला आले. त्याने त्यांना ओळखलं, पण वाचा गेलेली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. सैनिकांना वाटलं राजा मेलाय आणि आपल्यापासून लपवतायत. त्यांनी दारावर येऊन दंगा केला, शेवटी आत सोडावं लागलं. अंगरख्यावरच, चिलखत-शस्त्राशिवाय, एकेक जण पलंगाजवळून गेला. सिकंदर कसंबसं डोकं उचलून, प्रत्येकाकडे बघून, डोळ्यांनीच रामराम करत होता.

मुद्दा लक्षात आला ना? ज्या दिवसांत फॉरवर्डमध्ये तो तीन इच्छा आणि त्यांची तीन स्पष्टीकरणं असं अख्खं प्रवचन देतो, त्या दिवसांत माणसाला बोलता येत नव्हतं. "राज्य कोणाला?" या प्रश्नावर तो "सर्वांत बलवान असेल त्याला" म्हणाला अशी एक गोष्ट जुनीच आहे. तीसुद्धा अरियन "काहींनी असं लिहिलंय" म्हणून बाजूला ठेवतो. शवपेटी, वैद्य, लोंबते हात यातलं त्याच्याकडे काही नाही, प्लुटार्ककडेही नाही. मृत्यूची तारीख तर बाबिलोनच्या ज्योतिषांनी मातीच्या पाटीवर कोरून ठेवली आहे. ती पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर त्या दिवसाची नोंद एवढीच: राजा वारला. आणि पुढे आभाळात ढग असल्याचं. आकाश बघणं हेच त्यांचं काम, त्यामुळे राजा गेला तरी ढग लिहायचे राहिले नाहीत.

आता वैद्य. ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

मामा, हे तुझ्यासाठी आहे, नीट वाच. इ.स.पू. ३३३. सिकंदर तेवीस वर्षांचा, आजच्या तुर्कस्तानात तार्सस नावाच्या गावी. घामाघूम होऊन आला आणि डोंगरातून येणाऱ्या किडनस नदीच्या बर्फगार पाण्यात उतरला. काही म्हणतात थंड पाण्याने, काही म्हणतात दगदगीने, पण सडकून आजारी पडला. बाकीचे वैद्य हात लावायला तयार होईनात. राजा दगावला तर मॅसेडोनियन लोक आपल्याला जिवंत सोडणार नाहीत, ही भीती. ग्रीसमधल्या अकार्नेनियाचा फिलिप नावाचा एक वैद्य मात्र पुढे झाला. जालीम औषध आहे, पण गुण येईल, म्हणाला. तो औषध उकळत असतानाच पार्मेनियन या बुजुर्ग सेनापतीचं पत्र येऊन थडकलं, की या फिलिपला पर्शियाचा राजा दारयुश याने फोडलंय, तो तुला विष देणार आहे, सांभाळ.

सिकंदराने ते पत्र वाचलं, उशीखाली सारलं आणि कोणाला दाखवलं नाही. फिलिप पेला घेऊन आत आला. सिकंदराने एका हाताने पेला घेतला आणि दुसऱ्या हाताने पत्र त्याच्या हातात दिलं. मग एकीकडे वैद्य आपल्यावरचा आळ वाचतोय आणि दुसरीकडे रोगी त्याच वैद्याचं औषध घटाघट पितोय. दोघांची नजरानजर झाली तेव्हा सिकंदराच्या चेहऱ्यावर शांतपणा होता असं प्लुटार्क लिहितो. आधी औषधाने त्याची शक्तीच गेली, आवाज बसला, शुद्ध हरपायची वेळ आली. मग तो बरा झाला, आणि त्याच वर्षी इसस इथे दारयुशाला त्याने मैदान सोडून पळायला लावलं.

हा सिकंदर. विषाची चिठ्ठी हातात असताना वैद्याचं औषध पिणारा. याच्या तोंडी "वैद्य काही कामाचे नाहीत" घालणाऱ्याला काय म्हणावं?

बरं, हे एकदाच झालं असंही नाही. सात वर्षांनंतर मल्ल नावाच्या टोळीच्या गढीवर, आजच्या मुलतानच्या बाजूला, तो तटावरून एकटाच आत उडी मारून गेला आणि छातीत बाण घुसला. जखमेतून रक्ताबरोबर श्वास बाहेर येत होता, असं टॉलेमीच्या हवाल्याने अरियन सांगतो. बाण छातीतून कापून काढला कोस बेटावरच्या वैद्याने. ग्रीक वैद्यकाचा जनक हिप्पोक्रेटिस, त्याचं कोस, तेच. (वैद्य वेळेवर पोचला नाही म्हणून पर्डिक्कस या सेनापतीने तलवारीनेच तो कापला, असाही एक पाठ आहे.) तो आणखी अडीच वर्षं जगला. आणि प्लुटार्क हेही सांगतो की गुरू अॅरिस्टॉटलमुळे त्याला वैद्यकाची गोडीच लागली होती. मित्र आजारी पडले की हा स्वतः त्यांना औषधं आणि पथ्यपाणी लिहून पाठवायचा. जगज्जेता, आणि फावल्या वेळात घरगुती डॉक्टर. आपल्याकडे असे काका प्रत्येक वाड्यात असायचे.

पथ्यपाणी म्हटलं म्हणून हेफेस्टियन आठवला. सिकंदराचा जिवाभावाचा दोस्त. इ.स.पू. ३२४ मध्ये एकबाताना इथे, आजच्या इराणमध्ये, त्याला ताप आला. वैद्याने पथ्य सांगितलं. जवान गडी, शिपाईगडी, पथ्य कुठलं सहन होणार? वैद्य नाटक बघायला गेला, तेवढ्यात याने उकडलेला कोंबडा खाल्ला, त्यावर थंड केलेली दारू भांडंभर प्यायला, आणि थोड्याच दिवसांत गेला. मामी हे वाचत असेल तर तिने कोंबड्यापाशी थांबून मामाकडे बघावं.

सिकंदराने त्यावर काय केलं? वैद्याला सुळावर चढवलं, असं प्लुटार्क ठामपणे सांगतो. अरियन "काही जण म्हणतात" असं म्हणून फाशीचं सांगतो. अन्यायच, दोष रोग्याचा होता. पण ज्याला वैद्याकडून काही अपेक्षाच नाही तो असा चिडत नाही. आणि एक गोष्ट मला नेहमी खटकते ती अशी की त्यानंतर वर्षही झालं नाही तोवर सिकंदर स्वतः बाबिलोनमध्ये तापाने फणफणत होता, आणि त्या दिवसवार वृत्तान्तात बळी आहेत, आंघोळी आहेत, फासे आहेत, देवळात कौल लावायला झोपलेले सेनापती आहेत, पण वैद्य एकही नाही. ते होते आणि लिहायचे राहिले, की तार्ससला घाबरले तसे तेव्हाही मागे सरले, हे ज्याने त्याने ठरवावं. मी माझ्या मनाशी ठरवलंय. वर अरिस्टोबुलस नावाचा त्याच्याबरोबरचा माणूस म्हणतो की तापात तहान लागली म्हणून त्याने आणखी दारूच प्यायली. तेव्हा "वैद्य वाचवू शकले नाहीत" हे वाक्य निदान या माणसाबद्दल तरी लिहू नये.

सोनं उधळण्याचं आणि हातांचं एकत्रच घेते, कारण दोन्हींचं उत्तर एका गाडीत आहे. सिकंदराची अंत्ययात्रा कशी निघाली ते डिओडोरस या ग्रीक इतिहासकाराने इतकं तपशिलात लिहिलंय की वाचून दमायला होतं. ती गाडी बनवायलाच जवळजवळ दोन वर्षं लागली. आधी शरीराच्या मापाची, ठोकून घडवलेली सोन्याची पेटी. त्यात देहाभोवती सुगंधी द्रव्यं भरलेली. त्यावर काठाला अचूक बसणारं सोन्याचं झाकण. झाकणावर सोन्याच्या कशिद्याचं जांभळं वस्त्र, शेजारी त्याची शस्त्रं. हे सगळं ज्या गाडीवर ठेवलं तिला सोन्याचं कमानदार छत आणि सोनेरी खांब, लढाईला सज्ज सैन्याची चित्रं आणि लांबून ऐकू येतील अशा मोठाल्या घंटा. ओढायला ६४ खेचरं, प्रत्येकाच्या डोक्यावर मुलामा दिलेला मुकुट, गालांशी सोन्याच्या घंटा, गळ्यात रत्नांचे पट्टे. पुढे रस्ते दुरुस्त करणाऱ्यांचा तांडा.

या पेटीतून हात कुठून लोंबणार, मला कोणी चित्र काढून दाखवावं. झाकण काठाला घट्ट बसणारं होतं. आणि वाहणारे वैद्य नव्हते, खेचरं होती. सोनं वाटेवर सांडलं नाही, सगळं गाडीवर चढलं. गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला येऊन ते बघत होते. "रिकाम्या हाताने गेला" म्हणे! इतकं सोनं अंगाखाली घेऊन क्वचितच कोणी गेलं असेल. पुढे टॉलेमीने सैन्य घेऊन सीरियापर्यंत जाऊन ही अंत्ययात्राच इजिप्तकडे वळवली, कारण ज्याच्याकडे मढं त्याचा मान मोठा. देह अलेक्झांड्रियात ठेवला गेला. टॉलेमीच्या वंशातल्या नंतरच्या एका राजाने सोन्याची पेटी काढून घेतली आणि देह काचेच्या पेटीत राहिला, असं स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो. म्हणजे सोनं गेलंच शेवटी, पण मालकाच्या इच्छेने नाही.

आणि इच्छाच हव्या असतील तर खऱ्याखुऱ्या कागदोपत्री होत्या. तो गेल्यावर पर्डिक्कसने त्याच्या पुढच्या बेतांचे कागद सैन्यासमोर वाचून दाखवले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजवर स्वारीसाठी हजार मोठ्या युद्धनौका. आफ्रिकेच्या किनाऱ्याने थेट जिब्राल्टरपर्यंत रस्ता. प्रत्येकी १५०० टॅलंट (तेव्हाचं चांदी-सोन्याचं मोठं माप) खर्चाची सहा देवळं. आशियातली माणसं युरोपात आणि युरोपातली आशियात नेऊन वसवणं. बाप फिलिप याच्यासाठी इजिप्तच्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडएवढं थडगं. सैनिकांनी ऐकलं, राजाबद्दल आदर होता तरी "हे काही जमायचं नाही" म्हणून सगळं बाद केलं. बत्तीस वर्षांचा माणूस, मरताना अख्ख्या भूमध्य समुद्राची यादी करून बसलेला. याला वैरागी करायचं म्हणजे वाघाला तुळशीची माळ घालण्यासारखं आहे.

आईचं खरं आहे, तेवढं देते. इ.स.पू. ३३४ मध्ये निघाला तो परत मॅसेडोनियात गेलाच नाही. आई ऑलिंपियास तिकडे जिवंत होती आणि पत्रांतून तक्रारी करत होती. "नऊ महिन्यांचं भाडं फार जबर वसूल करते," असं तो तिच्याबद्दल म्हणाल्याची वदंता अरियनने टिपली आहे. (त्यांच्या मोजणीने दहा महिने.) आस वगैरे होती की नाही कोण जाणे.

फॉरवर्डच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी "पोरसाने हरवल्यामुळे त्याला वैराग्य आलं" हेही जोडलंय. झेलमची लढाई इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदराने जिंकली, पोरसाला त्याचं राज्य परत देऊन वर आणखी मुलूख दिला, आणि नंतर बियासच्या काठावर त्याच्याच सैन्याने पुढे यायला नकार दिला. पोरस शूर होता हे सांगायला त्याला जिंकवायची गरज नाही. पुढे.

आता जे नाइलाजाने कबूल करायचं ते. रिकाम्या हातांचा विचार सिकंदराच्या कानावर पडला होता, आणि तो आपल्याच भूमीत. अरियन सांगतो की उघड्यावर बसणारे काही नग्न साधू त्याला आणि त्याच्या सैन्याला बघून काही न बोलता पाय जमिनीवर आपटू लागले. अर्थ विचारला तर म्हणाले, राजा, प्रत्येकाच्या वाट्याला एवढीच जमीन, पायाखालची. तूही आमच्यासारखाच माणूस. घरापासून इतक्या लांब येऊन स्वतःला आणि लोकांना त्रास देतोस एवढंच. थोड्या दिवसांनी मरशील, तेव्हा पुरण्यापुरती जमीन तुझी. सिकंदराला ते बोलणं आवडलं, त्याने वाखाणलं. आणि अरियन लगेच पुढे लिहितो की केलं मात्र त्याने नेहमी उलटंच.

म्हणजे सुविचार सांगणारे ते साधू. आपण तो त्यांच्या तोंडून काढला आणि ज्याने तो ऐकून सोडून दिला त्याच्या तोंडात घातला. नाव गेलं कोणाचं? ज्यांच्याकडे ना सेना होती ना सोन्याची पेटी. मध्ययुगातल्या अरबी-फारसी कथांमध्ये निदान प्रामाणिकपणा होता. तिथे तत्त्वज्ञ शवपेटीभोवती उभे राहून एकेक वाक्य बोलतात. काल हा सोनं साठवत होता, आज सोनं याला साठवतंय, अशा धर्तीचं. बोलणारे जिवंत, मेलेला गप्प. बरोबर तसंच.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं, अर्धा तास. त्याने मध्ये फक्त एकदा विचारलं, "तो पत्रवाला वैद्य कोण म्हणालीस?" फिलिप, म्हटलं. "हं," म्हणाला. दुपारी मामीने फोन करून सांगितलं की जेवणाआधीची गोळी घेतली, पण कोणाला सांगू नको म्हणालेत.

ग्रुपवर मामाने दुरुस्ती काही टाकली नाही. आज सकाळी त्याच ग्रुपवर, त्याच्याच नंबरवरून, "सॉक्रेटिसच्या तीन चाळण्या" हा पुढचा फॉरवर्ड आला आहे.